ऑडिओमॉथ: पावसाळ्यात, बेडकांसाठी वापरून पाहिलेलं यंत्र

पाचपैकी चार तारे, आणि तेही भर पावसात वापरून दिलेले. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी ज्यांनी वापरलं त्यांनी पाच दिले असतील, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. मुलांच्या प्रकल्पांसाठी आमची हक्काची जागा म्हणजे आंबोली आणि आजूबाजूचे सडे (जांभ्याची सपाट, उघडी पठारं), आणि विषय बहुतेक वेळा बेडूक. बेडूक म्हटले की रात्री, पावसात, जळवा झटकत फिरणं आलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना रात्री अकराला सड्यावर न्यायचं तर प्रत्येकीच्या घरचं संमतीपत्र आलं. एवढं करून माणूस एका वेळी एकाच जागी उभा राहणार. एखाद्या डबक्यापाशी बेडूक ओरडला नाही, म्हणजे तो तिथे नाहीच की आपण गेलो तेव्हाच गप्प होता, हे एका फेरीत सांगता येत नाही. जैवविविधतेच्या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक ह्या ‘आढळला नाही’ने होते. त्यासाठी ऑडिओमॉथ, ठरवलेल्या वेळी आपोआप ध्वनिमुद्रण करणारं हे यंत्र.

यंत्र म्हणजे एक सर्किट बोर्ड, जेमतेम सहा सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद. मागे तीन डबल-ए सेल, बाजूला मायक्रो एसडी कार्ड, आणि बारीकसा मायक्रोफोन. साउदॅम्प्टन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतल्या अँड्र्यू हिल, पीटर प्रिन्स आणि अॅलेक्स रॉजर्स यांनी ते तयार केलं, २०१८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमधला दुर्मीळ सिकाडा (किर्र आवाज करणारा कीटक) शोधणं आणि बेलीझच्या जंगलात शिकाऱ्यांच्या बंदुकीचे आवाज टिपणं ही त्याची सुरुवातीची कामं. आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे, त्यामुळे किंमत शंभर डॉलरच्या आसपास राहते. व्यावसायिक ध्वनिमुद्रण यंत्रांसाठी ह्याच्या काही पट मोजावे लागतात. आमच्यासारख्या महाविद्यालयाला एक महागडं यंत्र घेण्यापेक्षा चार सड्यांवर चार स्वस्त यंत्रं ठेवणं केव्हाही परवडतं, कारण अभ्यासाला जागा जास्त लागतात.

लावणं सोपं आहे. संगणकावर छोटं अॅप येतं. किती वाजता जागं व्हायचं, किती सेकंद ऐकायचं, किती सेकंद झोपायचं, हे सगळं त्यात भरायचं. खाली लगेच हिशोब येतो: दिवसाला किती फाइली, किती एमबी आणि सेलमधून किती मिलिअँपिअर-तास जाणार. हा हिशोब मला फार आवडला. मुलांना प्रयोगाची आखणी शिकवायला यासारखं साधन नाही. यंत्राला सतत ऐकत ठेवायचा मोह पहिल्यांदा सगळ्यांनाच होतो. आम्ही संध्याकाळी सात ते मध्यरात्र, दर पाच मिनिटांतलं एक मिनिट, असं ठेवलं. नमुने घेण्याच्या वारंवारितेचा आकडा (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा) ३२ किलोहर्ट्झ. त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे १६ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज टिपले जातात आणि आपल्या बेडकांना तेवढं भरपूर झालं. यंत्र ३८४ किलोहर्ट्झपर्यंत जातं, पण ते वटवाघळंवाल्यांसाठी. बेडकांसाठी तो आकडा लावून कार्ड भरू नका. वरच्या हिशोबाने एका रात्रीचे साधारण २३० एमबी होतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात जून ते सप्टेंबर अख्खा मावतो. मात्र कार्ड ओळखीच्या दुकानातून घ्या. ऑनलाइन आलेल्या स्वस्त कार्डांवर लिहिलेली जीबी आणि आत असलेली जीबी ह्यांचा आपसात काही संबंध नसतो, हे आम्हाला एका विक्रेत्याने शिकवलं.

वेळेचं एक ध्यानात ठेवा. यंत्र मुळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतं, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. संध्याकाळी सातच्या फाइलच्या नावात १३३००० दिसतं. अॅपमध्ये स्थानिक वेळ निवडता येते. पण आधीच्या वर्षीच्या नोंदी यूटीसीत आणि ह्या वर्षीच्या भारतीय वेळेत, असा खिचडा करू नये. एकच काहीतरी धरा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता पाऊस. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टात. उघडा बोर्ड तिथे टिकणार नाही, त्यामुळे वेगळा मिळणारा जलरोधक डबा घ्याच. त्याला मायक्रोफोनसमोर पातळ पडदा असतो, आवाज आत येतो आणि पाणी बाहेर राहतं. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका. सड्यावर बांधायला झाड नाही आणि जांभ्यात खुंटी जात नाही, म्हणून आम्ही करवंदीच्या जाळीत, जमिनीपासून गुडघाभर उंच, मायक्रोफोन आडवा राहील असं बांधलं. बांधताना एक गुराखी काका बघत उभे होते. “मॅडम, ह्या डब्याक बेडूक दिसता काय?” म्हटलं, दिसत नाही, ऐकू येतो. “मगे उपेग काय?” प्रश्न अगदीच चुकीचा नाही, त्याच्याकडे येते.

यंत्र कोरडं राहिलं तरी ध्वनिमुद्रण ओलं होतंच. जोराच्या सरीत फक्त पाऊस ऐकू येतो. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर (आडवी वेळ, उभी वारंवारिता), खालपासून वरपर्यंत राखाडी पडदा. जुलैच्या कित्येक रात्री अशाच जातात. आवाज एका पातळीच्या वर गेला तरच नोंदवायचा, अशी सोय यंत्रात आहे, पण पावसात तिचा उपयोग शून्य, प्रत्येक थेंब ती पातळी ओलांडतो.

सगळ्यात मजा येते ती सर ओसरल्यावर. ‘बॉम्बे बुश फ्रॉग’ हा झुडपांत राहणारा बोटाच्या पेराएवढा बेडूक. त्याची पिल्लं पाण्यात पोहणाऱ्या, शेपटीच्या अवस्थेतून जातच नाहीत, अंड्यातून थेट बेडूकच बाहेर येतो. त्याचा आवाज म्हणजे टाइपरायटरवर कुणी सावकाश एकेक कळ दाबावी तसा. आणि डब्यावर पानांवरून पडणारे थेंबही अगदी तसेच वाजतात, ठरावीक अंतराने, टक, टक, टक. हेडफोन लावून ऐकणारी मुलं हमखास गोंधळतात. फरक डोळ्यांनी कळतो. स्पेक्ट्रोग्राम ताणून पाहिला तर थेंबाची उभी रेघ तळापासून टोकापर्यंत जाते, बेडकाचा ठिपका मात्र आपल्या ठरावीक पट्ट्यातच राहतो, त्याच्या खाली-वर काही नसतं. एकदा हे डोळ्यांत बसलं की मूल अर्ध्या तासात तीस फाइली उपसतं. डबा थेट पानांखाली न बांधता किंचित बाजूला बांधला, तर हा त्रास निम्मा होतो.

मग उपयोग काय? एकाच डबक्याच्या काठी बऱ्याच रात्री ऐकलं की प्रत्येक रात्रीसमोर १ किंवा ० येतो: ऐकू आला, नाही आला. त्यावरून ‘असूनही न सापडण्याची’ शक्यता काढता येते आणि मग किती जागांवर तो प्राणी खरोखर असावा ह्याचा अंदाज बांधता येतो. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली ही पद्धत आता सगळीकडे वापरतात. एका रात्रीच्या फेरीतून हे निघत नाही. आंबोली टोडसारख्या प्राण्याला तर हे फारच लागू पडतं. बिजू, वरद गिरी आदी संशोधकांनी २००९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ पाण्यात त्याची वीण होते आणि थोड्या दिवसांत उरकते. परीक्षा संपवून, परवानगी काढून आपण पोहोचेपर्यंत मामला आटोपलेला असतो. यंत्र आधीच जाळीत बसलेलं हवं.

जे मिळत नाही ते म्हणजे संख्या. ओरडतात फक्त नर. एकच नर रात्रभर ओरडला की चार नर पाळीपाळीने, हे एका मायक्रोफोनला कळत नाही. त्यामुळे ‘आवाज वाढले म्हणजे बेडूक वाढले’ असं कुणी प्रकल्पात लिहिलं तर मी पान परत देते. माणसाने ऐकण्याला पर्याय म्हणून आवाज ‘आपोआप ओळखणारं’ सॉफ्टवेअर सुचवलं जातं. बर्डनेट पक्ष्यांसाठी खरोखर चांगलं आहे, तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाला शून्य ते एक गुण देतं. पण तो गुण म्हणजे खात्रीची टक्केवारी नव्हे, हे मुलांना पटवावं लागतं. आणि आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. म्हणजे ऐकायला माणूसच हवा. एक तारा मी कापला तो इथे. यंत्राचा त्यात काही दोष नाही; पण विकत घेणाऱ्याला वाटतं, काम झालं. ऑक्टोबरमध्ये टेबलावर कार्डांचा ढीग असतो आणि ऐकणाऱ्या मुली सत्र परीक्षेला बसलेल्या असतात.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे यंत्र माणसांनाही ऐकतं. शनिवार-रविवारी धबधब्याकडची गाणी दूरच्या सड्यापर्यंत पोहोचतात आणि वाटेने जाणाऱ्यांच्या घरगुती गोष्टीही. आम्ही डब्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवतो, काय आहे, कुणाचं आहे, आणि माणसांचे आवाज आले तर ती फाइल पुसतो. वनखात्याच्या हद्दीत ठेवायचं तर लेखी परवानगी आधी घ्या.

कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे एक नेमका प्रश्न आहे आणि ऐकायला दोन माणसं आहेत, त्यांनी जरूर. गावाची लोकजैवविविधता नोंदवही करणाऱ्या समित्यांना मी आधी मोबाइल आणि अनुभवी माणूस सुचवीन. यादी करायला तेवढं पुरतं. यंत्र दरवर्षी त्याच जागी, त्याच वेळी ऐकायचं असेल तेव्हाच.

खरेदीची डोकेदुखी शेवटी. परदेशातून मागवायचं म्हणजे कस्टमचा खर्च धरा आणि मार्चमध्येच ऑर्डर द्या. आमच्या लेखा विभागाला तीन कोटेशनं हवी होती. हा बोर्ड मोजक्याच ठिकाणी मिळतो, तीन कुठून आणणार! शेवटी एकाच विक्रेत्याकडून का घ्यावं लागतंय ह्याचं एक पानी स्पष्टीकरण जोडलं, ते मंजूर झालं. कुणाला त्याचा नमुना हवा असेल तर मागा, देते.