फीजोआचं कुंपण: सव्वा वर्षानंतर

फीजोआचं, म्हणजे पेरूच्या कुळातल्या एका फळझुडपाचं, कुंपण लावून सव्वा वर्ष झालं. एक पूर्ण उन्हाळा, फळांचा एक हंगाम आणि दोन हिवाळे बघून झाले, म्हणून आता सविस्तर लिहिते. आधी निकाल सांगून टाकते. शोभेचं झुडूप म्हणून मला यात खोट सापडलेली नाही. फळझाड म्हणूनही ते उत्तम आहे. पण शोभा आणि फळ दोन्ही एकाच झुडपाकडून हवं असेल, तर कात्री कधी आणि किती चालवता यावर सगळं अवलंबून आहे.

आमचं घर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला. चिकणमातीची जमीन, ओला हिवाळा आणि समुद्रावरून येणारा वारा. रस्त्याच्या बाजूला आडोसा हवा होता आणि जागा इतकी थोडी होती, की नुसत्या शोभेसाठी अडवायला जीव होत नव्हता. फीजोआ बारमाही हिरवा, खारा वारा सोसणारा आणि उणे नऊ-दहा अंशांपर्यंतची थंडी काढणारा. ऑकलंडचा हिवाळा त्याच्यापुढे काहीच नाही. मूळचा तो दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेच्या बाजूचा. 1890 मध्ये एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाने तो फ्रान्सला नेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो न्यूझीलंडला पोचला. कॅलिफोर्नियातले लोक यालाच पायनॅपल ग्वावा म्हणतात आणि तिकडे तो आधी शोभेचं झुडूप म्हणूनच लावतात. इथे मात्र घरोघरी फळासाठी.

मे महिन्यात लावला, म्हणजे इथल्या थंडीच्या तोंडावर, जमीन अजून उबदार असताना. दोन रोपांत साधारण दीड मीटर अंतर ठेवलं. रोपं कमरेएवढी वाढलेलीच घेतली. ती महाग पडतात, पण फीजोआ सावकाश वाढतो आणि छोट्या रोपाचं दाट कुंपण व्हायला बरीच वर्षं जातात. ज्यांना घाई नाही त्यांनी खुशाल छोटी घ्यावीत. युनिक आणि अपोलो हे दोन वाण आलटून पालटून लावले आणि दारापाशी कुंडीत बांबिना नावाचा बुटका वाण ठेवला. युनिक एकटंसुद्धा फळतं, पण शेजारी दुसरा वाण असला की फळधारणा चांगली होते. बुंध्याशी झाडाच्या सालींचं जाड आच्छादन घातलं. याची मुळं वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे तिथे खुरपं चालवायचं नाही.

पानांबद्दल आधी कोणी सांगितलं नव्हतं. वरून गर्द हिरवी आणि खालून रुपेरी, बारीक लव असलेली. वारा आला की अख्खं कुंपण एकदम उजळतं. फूल नसलं, फळ नसलं, तरी वर्षभर बघत राहावं असं ते झुडूप आहे.

फुलं नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाली आणि डिसेंबरभर चालली. एक फूल हातात घेऊन बघा. चार जाड, मांसल पाकळ्या, बाहेरून पांढऱ्या आणि आतून गुलाबी-जांभळट, कडेने आत वळलेल्या. मधोमध लालभडक केसरांचा झुपका आणि प्रत्येक केसराच्या टोकाला पिवळे पराग. पाकळी तोंडात टाकली की गोड लागते आणि लगेच विरघळते. मधला भाग न दुखवता पाकळ्या काढल्या तर फळ धरायचं राहत नाही. आमची धाकटी रोज शाळेतून आली की चार-पाच खाऊन मगच घरात यायची.

ही गोडी मुळात पक्ष्यांसाठी आहे. या फुलात मध जवळजवळ नसतो. पक्षी पाकळ्या खायला येतात, त्यांच्या डोक्याला पराग लागतो आणि तो पुढच्या फुलावर जातो. न्यूझीलंडमध्ये हे काम ब्लॅकबर्ड करतात आणि साळुंक्या करतात. एकोणिसाव्या शतकात इथे आणून सोडलेली ही आपलीच साळुंकी. इथल्या लोकांना ती फारशी आवडत नाही, स्थानिक पक्ष्यांना त्रास देते म्हणून, आणि ती तक्रार खरी आहे. पण डिसेंबरच्या सकाळी तिला दक्षिण अमेरिकेच्या झुडपावर पाकळ्या तोडताना बघून मला फार आनंद व्हायचा. फुलांच्या काळात झुडपांवर जाळी टाकू नका आणि पक्ष्यांना हुसकावू नका, एवढंच सांगते.

उन्हाळ्यात पाणी लागतं. झाड दुष्काळ सोसतं, फळ सोसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस ओढ देतो आणि फळ भरायचे दिवस तेच असतात. आम्ही ठिबकची नळी टाकली आणि आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी दिलं. नळीच्या टोकाला असलेल्या झाडाला पाणी कमी पोचायचं, तर त्याची फळं सुपारीएवढी असतानाच गळाली. शेजारच्या झाडाची अंड्याएवढी झाली.

फळं एप्रिलपासून मेअखेरपर्यंत. पिकलं तरी फळ हिरवंच राहतं, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. तळहातावर फळ अलगद उचलायचं. सहज सुटलं तर पिकलं, नाही तर सोडून द्यायचं. किंवा खाली पडलेली रोज वेचायची. आडवं कापलं की सगळं समजतं: मधला गर काचेसारखा स्वच्छ असेल तर खायला एकदम योग्य, पांढरट असेल तर कच्चं, तपकिरी झाला तर वेळ गेली. चमच्याने गर काढून खायचा. अननसाचा आंबट-गोडपणा, पेरूची आठवण आणि मागे थोडा आयोडेक्ससारखा वास. हा वास काहींना अजिबात चालत नाही, तेव्हा लावण्याआधी एकदा फळ खाऊन बघा. फळ टिकतही नाही; पिकल्यावर आठवडाभरात संपवावं लागतं. म्हणूनच एप्रिलमध्ये इथे फाटकाबाहेर फीजोआच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, ज्याला हव्या त्याने न्याव्यात.

नाशिकहून आलेल्या सासूबाईंनी याची कोशिंबीर केली. गर बारीक चिरून लगेच लिंबू पिळायचं (नाही तर काळा पडतो), दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, चवीपुरती साखर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. पेरूच्या कोशिंबिरीपेक्षा मला ही जास्त आवडली, कारण बिया दाताखाली येत नाहीत. गूळ घालून केलेलं आंबटगोड तोंडीलावणंही छान झालं.

आता तक्रार. ग्वावा मॉथ नावाचा पतंग. 1997 मध्ये तो ऑकलंडच्या उत्तरेला नॉर्थलंडमध्ये सापडला आणि आता ऑकलंडमध्येही आहे. फळाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं, आत अळी आणि काळपट भुसा. लोकाट, आलुबुखार, लिंबूवर्गीय फळं, सगळ्यांवर तो जगतो, त्यामुळे वर्षभर त्याची सोय होते. आमची काही फळं यात गेली. गळलेली फळं रोजच्या रोज उचलायची, कुजू द्यायची नाहीत आणि परागण झाल्यावर बारीक जाळीच्या पिशव्या बांधायच्या, एवढंच हातात आहे. कामगंध सापळे (मादीच्या वासाने ओढून घेणारे) मिळतात, पण त्यात फक्त नर अडकतात. पतंग आलाय हे कळतं, बंदोबस्त होत नाही.

आणि छाटणी. समोरच्या घरी फीजोआचं जुनं कुंपण आहे, ओळंब्यात बांधलेल्या भिंतीसारखं सरळ. दिसायला सुरेख, पण त्याला फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कारण सरळ आहे: कळ्या वसंतात फुटणाऱ्या नव्या फुटीवर येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कात्री लावली की फुलं कचऱ्यात गेली. आम्ही फळं संपल्यावर, जुलैच्या सुरुवातीला एकदाच छाटलं. आतल्या गर्दी करणाऱ्या फांद्या काढल्या, उजेड आत गेला पाहिजे आणि पक्षी आत शिरला पाहिजे. खालच्या फांद्या गुडघ्यापर्यंत उचलल्या, म्हणजे पडलेली फळं दिसतात. कडा मात्र मोकळ्या सोडल्या. त्यामुळे आमचं कुंपण जरा विस्कटलेलं दिसतं आणि मला ते तसंच आवडतं. ज्यांना आखीव रेषा हवी त्यांनी रस्त्याची बाजू कातरावी आणि घराकडची मोकळी सोडावी. अर्धं फळ तरी हाती लागेल.

भावाने पुण्याहून विचारलं, तिकडे लावू का? कोकणात किंवा मुंबईत मी सांगणार नाही. याला हिवाळ्यात थोडी थंडी लागते आणि दमट उष्णतेत झाड जगलं तरी फळाला चव येत नाही. न्यूझीलंडमध्ये किंवा कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर राहत असाल तर डोळे मिटून लावा. जागा एकाच झाडापुरती असेल तर युनिक घ्या, दोघांची असेल तर सोबत अपोलो, आणि नुसती बाल्कनी असेल तर मोठ्या कुंडीत बांबिना. त्याची साल पातळ असते, फळ सालीसकट खाता येतं.