मिरर डिंगी: घरी शिवायची होडी

इंग्लंडला स्थायिक झालेली आपली माणसं विचारतात, पाण्याची ओढ आहे, पहिली शिडाची होडी कुठली घ्यावी? मी मिरर सांगते. तिच्याहून वेगवान होड्या ढीगभर आहेत. पण घरी बांधता येईल, गाडीच्या टपावर नेता येईल आणि मुलांच्या हाती निर्धास्त सुकाणू देता येईल, अशी हिच्याइतकी चांगली होडी मला दुसरी दिसलेली नाही.

जॅक होल्ट हे होड्यांचे नावाजलेले रचनाकार आणि बॅरी बकनेल हे टीव्हीवर घरची दुरुस्तीकामं शिकवणारे. या दोघांची ही रचना. ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्रानं ती लोकांपुढे आणली, १९६३च्या लंडन बोट शोमध्ये मांडली. किटची, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचाची, किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. पगारदार माणसाला झेपेल अशी होडी हवी, हा उद्देश होता आणि तो सफळ झाला. आजवर ७०,०००हून अधिक मिरर बांधल्या गेल्या. लाल शिडं ही तिची पहिल्यापासूनची खूण.

आमची मिरर आम्ही गॅरेजमध्ये बांधली, लेक शाळेत असताना. प्लायवूडचे तुकडे कापूनच येतात. त्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेचे तुकडे ओवायचे आणि पिळायचे. लेक बाहेरून तार आत सारायची, मी आतून पक्कडीनं पीळ द्यायची. सगळे टाके आधी सैल ठेवायचे. एकाच जागी घाईनं आवळलं तर तार प्लायवूडमध्ये रुतते. मग हळूहळू सगळीकडून पीळ वाढवत नेला की जमिनीवर सपाट पडलेल्या फळ्या वाकू लागतात, बाक घेतात आणि समोर होडी उभी राहते. साचा लागत नाही, वाफेवर लाकूड वाकवावं लागत नाही. इथे मात्र थांबायचं. मागे उभं राहून एका डोळ्यानं पाहायचं, कर्ण मोजायचे, होडीला पीळ पडला नाही ना याची खात्री करायची. कारण एकदा सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, बसलं, की तो आकार कायमचा. ती संध्याकाळ आम्ही दोघींनी नुसती मोजमापात घालवली, आणि सगळ्या बांधकामात मला तीच सर्वांत आवडली.

शिवलेली जहाजं आपल्या समुद्राला नवी नाहीत. काथ्यानं शिवून गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झालं. त्यात टाकाच फळ्या धरून ठेवतो. मिररमध्ये टाका रेझिन वाळेपर्यंतचा सोबती. पुढे भार पेलतो तो पट्टीचा सांधा. बाहेर आलेल्या तारा कापायच्या, घासायच्या आणि बाहेरूनही पट्टी मारायची.

लांबी ३.३० मीटर, नुसत्या होडीचं वजन साधारण ४५ किलो. डोलकाठी आखूड आहे. तिच्यावर गॅफ नावाची दुसरी काठी दोरानं जवळजवळ उभी चढते आणि शिडाला उंची देते. शिडं उतरवली की सगळ्या काठ्या होडीच्या लांबीतच मावतात. वल्ही मारूनही ती छान चालते, त्यामुळे वारा पडला तरी घरी परतायची सोय असते.

आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर हार्बरमध्ये जातो. माझं माहेर देवगडचं, खाडीची भरती-ओहोटी अंगवळणी पडलेली. तरी इथल्या ओहोटीला उघडा पडणारा चिखल पाहून मीही थक्क झाले. तिथल्या बोशम गावात मोठ्या भरतीत किनाऱ्याचा रस्ताच पाण्याखाली जातो. अशा उथळ पाण्यात डॅगरबोर्ड, म्हणजे मधली उभी फळी, वर ओढली की मिरर मोठ्या यॉटना अशक्य अशा फाट्यांत शिरते. झुळूक आली की ती लगेच सांगते, पण घाबरवत नाही. उलटलीच तर आतल्या हवाबंद कप्प्यांमुळे तरंगत राहते. डॅगरबोर्डवर उभं राहून भार दिला की सरळ होते, मग बादलीनं पाणी उपसायचं.

उणिवाही सांगते. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, टोकदार नसून आडवी कापल्यासारखी आहे, म्हणून आखूड, खवळलेल्या लाटांवर ती थपथप आपटते आणि पुढे बसलेला भिजतो. वाऱ्याच्या तोंडावर चढताना आधुनिक होड्या तिला सहज मागे टाकतात. दोन धिप्पाड माणसांना तर ती अपुरीच. एक मोठं माणूस आणि एक मूल, ही तिची खरी जोडी.

जुनी घेणार असाल तर आधी डॅगरबोर्डच्या खोक्याचे सांधे पाहा, मग मागच्या फळीच्या खालच्या कडा. अंगठ्यानं दाबून लाकूड मऊ लागलं तर आत पाणी मुरलंय. जुन्या पॉलिएस्टर रेझिनच्या पट्ट्या लाकडापासून सुटतात. त्या खरवडून इपॉक्सी रेझिननं नव्या बसवता येतात आणि हे काम घरी जमतं. कप्प्यांची झाकणं उघडून आत वास घ्या. कुबट वास आला तर ती होडी सोडून द्या. शिडं उन्हानं विटून गुलाबी झाली असतील तर तेवढ्यावरून सोडू नका, किंमत कमी करून मागा.