ओराकव्हर: पावसाळा, थंडी आणि ऊन काढल्यावरचा अनुभव

ओराकव्हर म्हणजे मॉडेल विमानाच्या लाकडी सांगाड्यावर इस्त्रीने चिकटवायची फिल्म, म्हणजेच कव्हरिंग. नवीन कव्हरिंग पहिल्या दिवशी कुठलंही चकाचकच दिसतं, म्हणून लगेच लिहायचं टाळलं. आता माझ्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) ट्रेनरवरची, म्हणजे शिकाऊंसाठीच्या विमानावरची, फिल्म पुण्यातला पावसाळा, कोरडी थंडी आणि मे महिन्याचं ऊन बघून झाली आहे.

ही जर्मन बनावटीची पॉलिस्टर फिल्म. रोलची रुंदी ६० सेंमी. सगळ्यात आवडलं ते हे, की चिकटण्याचं आणि आकसण्याचं तापमान वेगवेगळं आहे. साधारण १०० अंशांना गोंद धरतो, पण ताण यायला १५० च्या आसपास जावं लागतं. त्यामुळे कड निवांत बसवता येते, मनासारखी नसेल तर गरम करून उचलून पुन्हा लावता येते. विंगटिपच्या, म्हणजे पंखाच्या टोकाच्या, गोलाईवर याची किंमत कळते. एका हाताने फिल्म ताणत, दुसऱ्याने इस्त्रीचं टोक फिरवत गेलं की चुण्या पुढे सरकत सरकत कडेबाहेर जातात. याआधीची एक स्वस्त, बिननावाची फिल्म गोंद धरायच्या आतच आकसायची.

कपड्यांच्या इस्त्रीवर मात्र भागवू नका. तिचं तापमान फार खालीवर होतं. मॉडेल विमानांसाठीची छोटी इस्त्री घ्या आणि तळाला सुती मोजा चढवा, नाहीतर ओरखडे ठरलेले.

थंडीत रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्यांच्या) मध्ये सुरकुत्या आल्याच. त्यात फिल्मचा दोष नाही. दमट हवेत फुगलेला बाल्सा कोरड्या हवेत आकसतो आणि वरचं कव्हरिंग सैल पडतं. हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) फिरवली, पुन्हा ताठ. फक्त वरची-खालची बाजू आलटून पालटून तापवा आणि पंख पिळला नाही ना, हे सपाट टेबलावर बघून घ्या. उन्हात गडद निळा भाग सैलावतो, पिवळ्याला तितका त्रास नाही. मैदानावर विमान सावलीत ठेवायचं, एवढाच उपाय.

फिल्मवर फिल्म लावताना बुडबुडे येतात, कारण आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. तिथे तापमान कमी ठेवा, जोड अरुंद ठेवा, आणि फिका रंग खाली, गडद वर. पंखाची खालची बाजू आधी झाकली की वरच्या फिल्मची कड खाली वळते आणि जोड डोळ्याला दिसत नाही. ग्लो इंजिनाचं (विमानाच्या नाकातल्या छोट्या इंधनावरच्या इंजिनाचं) तेल उघड्या कडेतून आत शिरतं, म्हणून नाकाजवळच्या कडा मी दर काही आठवड्यांनी इस्त्रीने दाबून घेतो. आजवर एकही सुटलेली नाही.

आयात माल, किंमत बोचतेच. फोमच्या विमानाला ही लावू नका, एवढ्या उष्णतेत फोम टिकणार नाही. हलक्या ग्लायडरलाही ही जड पडेल, त्यासाठी याच घरची हलकी फिल्म, ओरालाइट, मागवली आहे.