नवीन काहीतरी करायचंय: घरच्याच धंद्यात की वेगळी कंपनी काढून?

घरच्या धंद्यात नवीन आयडिया पैशापायी कमी अडते आणि "चाललंय ना नीट, मग कशाला हात लावतोस" यापायी जास्त. २०१६ मध्ये ४२ देशांतल्या १०८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात दिसलं की फॅमिली बिझनेस नवीन गोष्टींवर खर्च कमी करतात पण त्यातून नवीन काढतात मात्र जास्त. म्हणजे जमत नाही असं नाहीये, खिशात हात घालवत नाही.

घरच्याच धंद्यात राहिलात तर मशीन, सप्लायर, गिऱ्हाईक सगळं आयतं, आणि दोन वर्षं नफा दिसला नाही तरी बाहेरचा कुणी बोंब मारत नाही (काका मारतील, ते धरून चाला). खरी गोची सहीची. एडसेल फोर्ड १९१९ पासून घरच्या फोर्ड मोटार कंपनीचा प्रेसिडेंट होता, पण शेवटचा शब्द वडिलांचा, हेन्रींचा, आणि ते १९०८ची मॉडेल टी गाडी सोडायला तयारच नाहीत, गिऱ्हाईक शेवरोलेकडे जायला लागलं तरी नाहीत, शेवटी १९२७ मध्ये ती बंद केली तेव्हा नवी मॉडेल ए तयार नव्हती म्हणून मेन कारखाना कित्येक महिने ठप्प. खुर्ची मुलाची, किल्ल्या बापाच्या.

वेगळ्या कंपनीत सही तुमची, आणि बुडालात तर जुन्या नावाला धक्का कमी. पण पहिलं गिऱ्हाईक शून्यातून शोधा, माणसं नवी जमवा, आणि बँकेने घरच्यांचीच गॅरंटी मागितली की फिरून त्याच बैठकीत बसा.

तिसरा रस्ता, बाहेरचा सीईओ. लेगो या खेळण्यांच्या कंपनीने २००४ मध्ये घराबाहेरच्या यॉर्गन विग क्नुडस्टॉर्पकडे कारभार दिला, मालकी घरातच ठेवली. गंमत म्हणजे तिथे नवीन गोष्टी कमी नव्हत्या, उलट पार्क, कपडे, व्हिडिओ गेम असा पसारा फार झाला होता, तो त्याने आवरला. छोट्या धंद्याला हा पगार झेपेल असं मला वाटत नाही.

माझं मत, गिऱ्हाईक तेच आणि फक्त माल किंवा पद्धत बदलायची असेल तर घरातच करा, पण ठरलेली रक्कम, दीड वर्षाची मुदत आणि एकट्या तुमची सही हे आधी कागदावर घ्या. नवा माल जुन्याचाच खप खाणार असेल तर सरळ वेगळी कंपनी, कारण ज्यांनी जुना माल उभा केला त्यांच्याकडूनच तो मारायची परवानगी मागायची म्हणजे जेवायच्या टेबलावर रोज मीटिंग.