दिव्यांग मुलांचे उन्हाळी शिबिर: दिवसा चोख, रात्री सैल

आमची मुलगी व्हीलचेअर वापरते आणि तिला अपस्मार आहे, त्यामुळे या निवासी शिबिराने प्रवेशापूर्वी हाती दिलेली सुरक्षेची नियमावली मी ओळ न् ओळ वाचली आणि नंतर प्रत्यक्ष कारभाराशी ताडून पाहिली. दिवसाच्या व्यवस्थेला चांगले गुण द्यावे लागतील. रात्रीच्या व्यवस्थेला तसे देता येत नाहीत.

प्रवेशअर्जात अपंगत्वाच्या प्रकाराचा रकाना भरून सुटका होत नव्हती. झटका साधारण किती वेळ टिकतो, गिळताना ठसका लागतो का, उचलायला एक माणूस पुरतो की दोन, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून प्रत्येक मुलाचा एकपानी आराखडा केला होता आणि तो सोबतच्या स्वयंसेवकाजवळ सतत असे. वेळ कोणी मोजायची, कुशीवर कोणी वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, झटका 5 मिनिटांपुढे गेला तर डॉक्टरांनी लिहून दिलेला, झटका थांबवणारा मिडाझोलामचा फवारा नाकात कोणी मारायचा आणि रुग्णवाहिका कोणी बोलवायची, हे सारे आमच्या मुलीच्या पानावर नावानिशी नोंदलेले होते.

औषधे फक्त मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह स्वीकारली गेली. घरून डबीत भरून आणलेल्या गोळ्या परत केल्यामुळे काही पालक चिडले, पण माझ्या मते शिबिराचेच बरोबर होते, कारण अपस्माराच्या औषधाची एखादी मात्रा चुकली तरी झटका येऊ शकतो आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन एकाएकी थांबणे धोक्याचे असते. टोपिरामेट हे अपस्माराचे औषध घेणाऱ्या मुलांना घाम कमी येऊन अंग तापू शकते, म्हणून त्यांचे मैदानी खेळ ऊन चढण्याआधीच उरकले जात.

सर्वांत मन लावून केलेले काम तरणतलावावर दिसले. काठावरच्या फळीवर प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी होती. मूल पाण्यात उतरले की ती एका बाजूला, बाहेर आले की दुसऱ्या बाजूला. अपस्मार असलेल्या मुलाबरोबर एक प्रौढ व्यक्ती पाण्यातच, हाताच्या अंतरावर असे. जीवरक्षक काठावर आहे, हे कारण चालत नसे. कॉक्लिअर इम्प्लांटचे (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या उपकरणाचे) बाहेरचे यंत्र काढून ठेवलेल्या मुलांना शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून लाल झेंडाही ठरलेला होता. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना पाण्याची ओढ असते आणि नजर चुकवून निघून जाण्याची सवयही असते. त्यामुळे तलावाचे फाटक पोहण्याची वेळ नसतानाही आपोआप बंद होऊन अडकेल असे बसवले होते. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांत अस्थिरता असते, म्हणून त्यांना डॉक्टरांच्या पत्राशिवाय सूर मारू देत नसत.

(समारोपाला फुगे नव्हते, याची कुरकूर ऐकली. स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, असलेल्या मुलांमध्ये लेटेक्सची, म्हणजे फुग्यांच्या रबराची, ॲलर्जी बरीच आढळते, तेव्हा फुगे नव्हते तेच योग्य.)

आता रात्रीविषयी. आंघोळ घालताना किंवा कपडे बदलताना मुलाजवळ एकटा प्रौढ नसावा, असा नियम आहे आणि तो अत्यावश्यक आहे: 2012 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या 3.7 पट असते. दिवसा हा नियम पाळला जाई. रात्री मात्र प्रत्येक दालनाला एकच मदतनीस होता. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यांना वळवल्याच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या आणि बरोबर दोन-दोन तासांच्या होत्या. अशी वही मला तरी जागेवर बसून भरल्यासारखी वाटते. आगीची सूचना फक्त घंटेने मिळणार होती; कर्णबधिर मुलांसाठी लुकलुकणारा दिवा किंवा उशीखालचा थरथरणारा गजर नव्हता. व्हीलचेअरवरची मुले पहिल्या मजल्यावर झोपत होती, आणि आगीत लिफ्ट वापरायची नसल्यामुळे जिन्यावरून उतरवण्यासाठी घेतलेली खास खुर्ची अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच होती.

या गोष्टी लेखी कळवल्यावर व्यवस्थापनाने मुलांना तळमजल्यावर हलवले आणि ती खुर्ची उघडून सरावही घेतला. रात्रीचे मदतनीस वाढवण्याबाबत मात्र “विचार करू” एवढेच उत्तर मिळाले. ते वाढेपर्यंत, रात्री मदतीची गरज लागणाऱ्या मुलांच्या पालकांनी येथील केवळ दिवसाच्या गटातच नाव नोंदवावे, अशी माझी शिफारस आहे.