स्टाइनसाल्त्झ तलमूद, बराखोत खंड: काही महिने वाचल्यावर

ज्यूंचा धर्मचर्चेचा ग्रंथ म्हणजे तलमूद. त्यातल्या बराखोत या भागाची, स्टाइनसाल्त्झ यांच्या इंग्रजी आवृत्तीतली, मागवली होती मोठ्या आकाराची रंगीत प्रत, आली लहान, काळी-पांढरी. विक्रेत्याला फोटो पाठवले, मेलवर मेल लिहिले. बदलून देऊ, पण परतीचा टपालखर्च तुमचा, यापुढे तो हलेना. तो खर्च पुस्तकाच्या किमतीच्या जवळपास जात होता. म्हणून प्रत ठेवून घेतली आणि चिडलेल्या मनानेच पहिलं पान उघडलं.

राग उतरला तो विरामचिन्हांमुळे. विल्ना छापाचं, म्हणजे जुन्या रूढ मांडणीचं, तलमूदचं पान ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे: मधोमध मजकूर, एका कडेला राशी या भाष्यकाराची टीका, दुसऱ्या कडेला तोसाफोत नावाची टीका, आणि मजकुरात ना स्वरचिन्हं, ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह. मोडीतला कागद वाचताना वाक्य कुठे तुटतं ते आपणच ठरवायचं असतं, तसंच. या आवृत्तीत उजवीकडून उघडलं की तेच विल्ना पान मिळतं, पण स्वर आणि विरामचिन्हांसकट.

बराखोत सुरू होतं श्माच्या, म्हणजे सकाळ-संध्याकाळ म्हणायच्या प्रार्थनेच्या, प्रश्नाने: संध्याकाळचा श्मा कधीपासून म्हणायचा? हा प्रश्न मिश्नाचा, म्हणजे मूळ नियमसंग्रहाचा. लगेच गमारा, म्हणजे त्यावरची चर्चा, विचारते, मिश्नाकार 'कधीपासून' म्हणतोय ते कशाच्या आधारावर? आणि आधी संध्याकाळच का, सकाळ का नाही? मग बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६:७ मधलं 'निजताना आणि उठताना' हे वचन येतं. जुन्या पानावर हे सगळं एका दमात वाहतं. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे लागलं हे गुरूच सांगणार. इथे प्रश्नचिन्ह दिसलं आणि माझा मी पुढे सरकलो. आम्हा बेने इस्रायल ज्यूंकडे गुरूंची आणि ग्रंथांची परंपरा तुटली होती. कोकणात पिढ्यानपिढ्या टिकला तो शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन), सुंता आणि तोंडपाठ श्मा. त्याच श्मावरची चर्चा शिकवणारा कुणी शेजारी नसताना मूळ भाषेत वाचता आली, याचं मोल मी पैशात करू शकत नाही.

आदिन स्टाइनसाल्त्झ यांनी मूळ हिब्रू आवृत्तीचं काम १९६५ मध्ये हाती घेतलं आणि २०१० मध्ये पुरं केलं. त्यांच्या हिब्रू आवृत्तीने विल्ना पानाची मांडणी मोडली म्हणून पारंपरिक वर्तुळात नाराजी होती. १९८९ मध्ये रब्बी एलाझार शाख यांच्यासह काही हरेदी (कट्टर परंपरानिष्ठ) रब्बींनी त्यांच्या लेखनालाच विरोध केला. इंग्रजी आवृत्तीत मात्र ते पान जसंच्या तसं परत आलंय.

आता तक्रार. इंग्रजी भाग डावीकडून उघडतो, म्हणजे मूळ आणि अनुवाद पुस्तकाच्या दोन टोकांना. एका ओळीवर अडलं की पुस्तक फिरवा, पान शोधा, परत फिरवा. दोन खुणा घालून ठेवल्या तरी लय तुटतेच. तलमूदच्याच दुसऱ्या, ७३ खंडांच्या शॉटेनस्टाइन आवृत्तीत मूळ पान इंग्रजीच्या समोरच असतं. पहिले काही आठवडे मला वाटायचं की तीच घ्यायला हवी होती.

आता मत बदललंय. समोर इंग्रजी असली की नजर आधी तिकडेच धावते. इथे फिरवायचा कंटाळा येतो, म्हणून मी मूळ ओळ दोनदा-तीनदा वाचतो, आणि बरेचदा ती उलगडते. सिनेगॉगमधले एक काका शनिवारी दुपारी सोबतीला बसतात; ते मूळ वाचतात, मी इंग्रजी बाजू धरतो, मग अदलाबदल. दोन माणसं असली की हीच रचना सोयीची. एकट्याने, तेही पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मात्र ती जड जाईल, हे म्हणणं कायम आहे. राशी आणि तोसाफोत यांचा अनुवाद दिलेला नाही, ही उणीवही राहतेच.

इंग्रजीत मूळ शब्दांचा अनुवाद ठळक आणि मधे भरलेलं स्पष्टीकरण साध्या टायपात आहे. गमाराने काय म्हटलं आणि संपादकाने काय जोडलं, हे त्यामुळे वेगळं राहतं. कडेच्या हलाखा (धर्मनियम) टिपाही उत्तम. चर्चा कितीही फिरली तरी शेवटी नियम काय ठरला ते कळतं.

सेफारिया या संकेतस्थळावर हाच अनुवाद २०१७ पासून फुकट आहे, मग पैसे का घालायचे, असं घरातही विचारून झालं. माझा वाचायचा वेळ शब्बाथचा, आणि शब्बाथला मी फोन किंवा संगणक उघडत नाही. ज्यांना रोज लोकलमध्ये दाफ योमीचं, म्हणजे तलमूद रोज एक पान वाचण्याच्या नेमाचं, पान वाचायचंय, त्यांनी खुशाल फोनवर वाचावं. २,७११ पानं, साडेसात वर्षं. त्यासाठी सगळे ४२ खंड विकत घेणं आपल्या खिशाला झेपणारं नाही.

लहान आकार मात्र टाळा. ज्या स्वरचिन्हांसाठी ही आवृत्ती घ्यायची, तीच त्यात इतकी बारीक होतात की दिवेलागणीनंतर ठिपका एक की दोन ते कळत नाही. काका तर भिंग घेऊन बसतात. पुढचा खंड, म्हणजे तलमूदमधल्या 'शब्बाथ' या प्रकरणाचा पहिला भाग, मी मोठ्या आकारातच घेणार आहे, दुसऱ्या विक्रेत्याकडून, आणि आकार आधी लेखी कळवून घेऊन.