गाडी चांगली, पण हँडब्रेकच्या हवेला काटाच नाही!

दहाचाकी ट्रक घेऊन दुसरा पावसाळा संपत आला. इंजिन, गिअर, केबिन यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते एका ओळीत उरकतो: ओढ चांगली, सीट बरी, वायपर टाकाऊ. मला लिहायचंय ते ब्रेकच्या हवेबद्दल.

आमचं काम म्हणजे रत्नागिरीच्या बाजूच्या खाणीवरून चिरे भरायचे, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला टाकायचे आणि येताना पशुखाद्य नाहीतर साखर आणायची. फेब्रुवारीत ॲव्हरेज खाली आलं. डिझेलचा हिशेब मी स्वतः वहीत लिहितो, त्यामुळे ड्रायव्हरच्या आधी मलाच कळलं. मग एकदा ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, घाट चढताना लायनरचा वास येतो." लायनर म्हणजे ब्रेकमध्ये ड्रमला घासणारी पट्टी. उतरताना वास आला तर समजू शकतो. चढणीला ब्रेकला पायच लागत नाही, तर लायनर तापतो कशाने? वर जाऊन थांबवली तर मागचे ड्रम हात लावू देईनात. आणि डॅशबोर्डवर हवेच्या दाबाचे दोन्ही काटे आठ बारवर, दाब कमी झाल्यावर वाजणारा बझर गप्प.

घोळ आहे तो इथेच. हँडब्रेक हवेने लागत नाही, तो मागच्या चाकांजवळच्या बूस्टरमधल्या, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या डब्यातल्या, स्प्रिंगने लागतो. हवा त्या स्प्रिंगला दाबून ब्रेक मोकळा ठेवते. दाब साधारण पाच-साडेपाच बारच्या खाली गेला की स्प्रिंग थोडी थोडी सुटते आणि ब्रेक घासत राहतो. पण डॅशबोर्डवरचे दोन काटे पुढच्या आणि मागच्या पायब्रेकच्या हवेचे. हँडब्रेकची हवा, सगळीकडे हवा वाटून देणाऱ्या चार वाटांच्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हमधून तिसऱ्या वाटेने जाते आणि तिला काटा नाही. माझ्या गाडीत बझरही पहिल्या दोन वाटांवरच. एवढ्या लाखांची गाडी. गाण्यांना स्क्रीन आहे, हँडब्रेकच्या हवेला साधा काटा नाही!

सर्व्हिस सेंटरने आधी हँडब्रेकचा व्हॉल्व्ह बदलला. फरक शून्य. मग म्हणाले, मागचे दोन्ही बूस्टर बदलावे लागतील. मी विचारलं, हवा गळते का? "आतून गळत असेल." असेल म्हणजे? आतला रबरी पडदा (डायफ्रेम) फाटला असता तर हँडब्रेक सोडल्यावर बूस्टरच्या श्वासाच्या भोकातून सूं आवाज आला असता. साबणाचं पाणी मारून बघा म्हटलं, तर जॉबकार्डावर तसं काम नाही म्हणे. काढलेला व्हॉल्व्ह मात्र मी मागून घेतला. तो आजही चालतो.

गाडी पालीच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने चाकांना पुढून मागून चिरे लावले, हवेची टाकी भरू दिली, ड्रायरने (हवेतलं पाणी काढणाऱ्या डब्याने) फस्स केल्यावर हँडब्रेक सोडला. आधीच त्याने हँडब्रेक व्हॉल्व्हच्या येणाऱ्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून साधा प्रेशर काटा जोडला होता. डॅशबोर्डवर आठ आणि या काट्यावर जेमतेम साडेचार. इंजिन बंद करून चहा होईपर्यंत थांबलो, साडेचारच. म्हणजे पुढे गळती नाही, हवा मागेच अडतेय. "हवा तिथं पोचतच नाय, तर व्हॉल्व्ह काय करंल?" तो म्हणाला. प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाइप सोडवून काटा लावला, तिथेही साडेचारच. टाक्या रिकाम्या करून व्हॉल्व्ह उघडला तर तिसऱ्या वाटेचा प्लंजर (आत सरकणारा दट्ट्या) चिकट तपकिरी गाळात रुतलेला. तेल आणि पाणी एकत्र. साफ करून किट बदललं, तिन्ही काटे बरोबर आठला. तो टी मी काढू दिला नाही. पाइप वाढवून काटा केबिनमध्ये बसवून घेतला. खर्च एवढा, की कंपनीच्या व्हॉल्व्हच्या बिलावर लावलेल्या जीएसटीतही तो भागला असता.

इथपर्यंत मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन तारे देणार होतो. आता थोडं बदलतो.

ऑगस्टमध्ये माझा काटा पुन्हा सातावर अडखळायला लागला. या वेळी घाटात वास येण्याची वाट बघावी लागली नाही. टाकीचा ड्रेन ओढला तर पाणी, त्यावर तेलाचा तवंग. ड्रायरमधलं पाणी शोषणारं कार्ट्रिज ओलं होऊन दमलेलं. पुस्तकात कार्ट्रिजचा हिशेब किलोमीटरवर आहे. पण आमच्या हवेत जून ते सप्टेंबर दमटपणा किती असतो, आणि खाणीच्या रस्त्यावर पावला-पावलाला ब्रेक मारावा लागत असल्याने कंप्रेसरला उसंत मिळत नाही, हे त्या किलोमीटरला कसं कळणार? कार्ट्रिज बदललं, काटा ठीक. त्यामुळे गाडीला सरसकट शिव्या देणं योग्य नाही, दोष ड्रायरच्या वेळापत्रकात आहे. तारे साडेतीन. काटा दिला असता तर साडेचार दिले असते, वायपरसकट.

एक बजावतो. स्प्रिंग बूस्टरचा क्लँप कोणीही, कितीही हौस असली तरी, उघडू नये. आतली स्प्रिंग शेकडो किलोच्या जोराने बसवलेली असते, सुटली तर माणूस जातो. हवा नाही आणि गाडी हलवायची आहे, तर आधी चाकांना अडसर लावा, मगच रिलीज बोल्टने स्प्रिंग आवळून घ्या. तो बोल्ट मिठाच्या हवेने गंजून बसलेला असतो, ग्रीस लावून ठेवा. शिवाय माझ्यासारखा टी बसवलात तर तो वाढीव जोड आहे, महिन्याला साबणाचं पाणी मारा.

टाकीत तेल येतंय म्हणजे बहुतेक हवा भरणाऱ्या कंप्रेसरच्या रिंगांनी हार मानलीय, एवढं आता माझ्या मिस्त्रीलाही आणि मलाही पटलंय. सर्व्हिस सेंटरला पटायचंय. कार्ट्रिज झिजणाऱ्या वस्तूत मोडतं हे मी मान्य केलं, कंप्रेसर मोडत नाही. वॉरंटीचा अर्ज दिलाय, फोटो दिलेत, टाकीतलं पाणी बाटलीत भरून काउंटरवर ठेवून आलोय. उत्तर यायचंय.